दीड हजार प्रती, किंमत आठ आणे

 

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात लिहिणारी माणसं काही कमी नाहीत. कुणाचं आत्मचरित्र तयार असतं, कुणाचा कवितासंग्रह, कुणी गावाचा इतिहास लिहून ठेवलेला असतो. पत्रकार म्हटल्यावर माझ्याकडे चौकशी येतेच. चौकशीत दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "एखादा चांगला प्रकाशक सांगा." दुसरं, "पण माझा एक शब्द बदलू देणार नाही." आणि दुसऱ्या वाक्याला आधार म्हणून हमखास बाबासाहेबांचं नाव येतं: त्यांनी नाही का लाहोरवाल्यांना ठणकावलं!

ठणकावलं, खरंच ठणकावलं. पण नेमकं काय झालं होतं ते मुळातून पाहिलं, तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त शिकायला मिळतं.

लाहोरला जात-पात तोडक मंडळ नावाची सुधारकांची संस्था होती. संतराम हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. डिसेंबर १९३५ मध्ये त्यांनी बाबासाहेबांना वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदाचं निमंत्रण दिलं. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर करून बसलेल्या माणसाला बोलावणं हे धाडसच होतं. ते त्यांनी केलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

बाबासाहेबांनी भाषण लिहून काढलं. पहिला खटका उडाला तो छपाईवरून. मंडळ म्हणालं, लाहोरला छापू, स्वस्त पडेल. बाबासाहेब म्हणाले, मुंबईतच छापायचं. वरवर पाहता हा खर्चाचा हिशेब. पण छापखाना कुणाच्या हाताशी आहे, त्यावर शेवटचं प्रूफ कोण बघणार हे ठरतं. ज्यांनी कधी स्मरणिका किंवा दिवाळी अंक काढलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल १९३६ मध्ये मंडळाचे हर भगवान मुंबईत येऊन भेटून गेले. त्यानंतर २२ एप्रिलचं त्यांचं पत्र आलं. त्याचा आशय असा: भाषणाचा बराच भाग उत्तम आहे, पण वेदांवरची आणि धर्मग्रंथांवरची टीका अनावश्यक आहे, चिथावणीखोर आहे. धर्माच्या नाशाबद्दलचा भाग गाळा. हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण, हा उल्लेखही नको. हे जमत नसेल तर परिषद पुढे ढकलावी लागेल.

२७ एप्रिलला बाबासाहेबांनी उत्तर दिलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, हे त्यातलंच. अध्यक्षपदासाठी मतं सोडणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. परिषद रद्द झाली. ते भाषण कधी झालंच नाही.

पुढे काय केलं? रुसून बसले नाहीत. मे १९३६ मध्ये, न झालेलं ते भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तक म्हणून काढलं. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहार पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापून टाकला. त्यांचं म्हणणं, आपलं म्हणणं, सगळं वाचकासमोर. निवाडा तुम्ही करा.

दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी जुलै १९३६ च्या 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. बाबासाहेबांची मतं त्यांना पटली नाहीत, पण भाषण नाकारणं ही स्वागत समितीची चूक होती, असं त्यांनी लिहिलं. शिवाय आठ आणे ही किंमत जास्त झाली, दोन आणे किंवा फार तर चार आणे हवी होती, असंही सुनावलं. म्हणजे पदरमोड करून पुस्तक काढावं, तर किंमतीवरूनही ऐकावं लागतं. हे तेव्हाही होतं.

आता या गोष्टीतला भाग, जो आपले लेखक सहसा सांगत नाहीत. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की भाषणाचं मूळ रूप तसंच ठेवलं आहे. भाषणाचा बाज काढून सरळ निबंध करा, अशी सूचना त्यांना आली होती. तिच्यावर त्यांनी विचार केला आणि कारण देऊन ती नाकारली. शिवाय गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं स्वतःचं उत्तर, दोन्ही परिशिष्टात जोडलं. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते म्हणतात की आपला १९१७ चा जातींवरचा निबंध यात मिसळून नव्याने लिहायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही, म्हणून दुसरीच आवृत्ती नुसती पुन्हा छापली.

म्हणजे बघा. स्वल्पविरामही न हलवणारा हाच माणूस परिशिष्टं जोडतो, सूचना ऐकतो, विरोधकाचा लेख स्वतःच्या पुस्तकात छापतो. त्यांचा विरोध संपादनाला नव्हता. भीतीपोटी मुद्दा कापण्याला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते.

हे दुखणं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीला दिलं. कमिटीने ते नाकारलं. तो परक्यांचा नकार म्हणू. पण 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा झाला, तेव्हा तो 'दीनबंधू'त छापायला घेतला होता. 'दीनबंधू' म्हणजे सत्यशोधकांचंच पत्र, चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे त्यांचेच सहकारी. दोन प्रकरणं छापली आणि पुढची थांबली. जोतीरावांनी भित्रेपणाचा ठपका ठेवला. कात्री नेहमी शत्रूच्याच हातात असते असं नाही, बऱ्याचदा ती आपल्याच माणसाच्या हातात असते. लाहोरचं मंडळही जात मोडायलाच निघालं होतं की!

आणि लेखक गेल्यावरही कात्री थांबत नाही. १९८७ मध्ये राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यातल्या राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं. शिवसेनेची मागणी होती, ते गाळा. दलित संघटनांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. शेवटी मजकूर राहिला, सोबत शासन या मतांशी सहमत नाही अशा अर्थाची टीप आली. माझ्या मते तो मार्ग बरा होता. असहमती नोंदवा, पण मजकूर ठेवा.

मग चांगलं संपादन कोणतं? उदाहरण आपल्या शिवमंदिरातच आहे. तिथल्या शिलालेखातला शक आधी ७८२ असा वाचला गेला होता. नंतर तो ९८२ असा दुरुस्त झाला, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं. उद्या तुमच्या गावच्या इतिहासात ७८२ छापायला निघालात आणि कुणी प्रूफ वाचताना तिथे खूण केली, तर तो तुमच्या अस्मितेवर हल्ला नाही. तो माणूस तुमची लाज राखतोय. एकच प्रसंग तीन प्रकरणांत आलाय, वाक्य पाच ओळींचं झालंय, तारीख जुळत नाही, हे सांगणारा संपादक मिळणं हे नशीब समजा. पैसे घेऊन जसंच्या तसं छापून देणारे भरपूर आहेत. तिथे एक शब्दही बदलत नाही, कारण एक शब्दही कुणी वाचत नाही.

पण तोच संपादक म्हणाला, "हे खरं आहे, पण अमुक साहेब नाराज होतील, काढून टाका," तर मात्र लाहोर आठवा. आपल्याकडे स्मरणिकेतून परिच्छेद उडतात ते बहुतेक याच कारणाने. जाहिरात कुणाची आहे ते बघून मजकूर ठरतो.

लेखकाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: समोरचा माणूस चूक दाखवतोय की भीती? चूक दाखवत असेल तर मुकाट्याने पेन उचला. भीती दाखवत असेल तर नकार द्या. मात्र त्या नकाराचा खर्च आपल्यालाच करायचा असतो, हेही लक्षात ठेवा. बाबासाहेबांनी व्यासपीठ सोडलं, छपाईचा खर्च सोसला, पत्रं उघड केली, टीकेला उत्तर दिलं. एवढी तयारी असेल तर खुशाल म्हणा, शब्द बदलणार नाही.

आणि आपण वाचकांनीही थोडं करू. गावातल्या कुणी पदरमोड करून पुस्तक काढलं असेल, तर भेट म्हणून प्रत मागू नका. विकत घ्या.