कुलूप आणि प्रत : इतिहासविषयक जुन्या संगणक-खेळांच्या निमित्ताने

1745 साली बपेऱ्याचा धनी कोण होता? भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेल्या या गावासंबंधी असा प्रश्न विचारला, तर इतिहासाच्या अभ्यासकास एका शब्दात उत्तर देता येणार नाही. हा टापू देवगडच्या गोंड राज्यातला. जवळचा आंबागडचा किल्ला त्याच राज्याच्या अमदानीतील होय. 1743 मध्ये रघूजी भोसल्याने देवगडचा कारभार हाती घेतला, परंतु गोंड राजा बुऱ्हानशाह यास त्याने पदच्युत केले नाही. नेमणूक बांधून देऊन राजा म्हणून नागपुरास ठेवले. रघूजी स्वतः सातारच्या छत्रपतींचा सेनासाहेबसुभा. म्हणजे नाव गोंड राजाचे, सत्ता भोसल्यांची, आणि भोसल्यांचा अधिकार शाहूच्या सनदेचा. सातारा व नागपूर या दोहोंच्या वर दिल्लीच्या बादशहाचे नाममात्र सार्वभौमत्व होते, ते निराळेच.

हाच प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत लक्षावधी लोकांच्या पुढे एका वेगळ्याच वाटेने आलेला आहे, आणि तेथे त्याचे उत्तर खरोखरीच एका शब्दात दिलेले असते. स्वीडनमधील पॅरॅडॉक्स या संस्थेने 2000 साली ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ हा संगणक-खेळ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराच्या 1993 सालच्या पटावरील खेळात आहे. पुढे 2001, 2007, 2013 व 2025 या वर्षी त्याच्या नव्या पिढ्या निघाल्या. खेळणाराने एक राज्य निवडावयाचे आणि शतकानुशतके त्याचे परराष्ट्रकारण, व्यापार, सैन्य व धर्मकारण चालवावयाचे, असे या जातीच्या खेळांचे स्वरूप आहे. त्यांना येथे ‘महाव्यूह-खेळ’ म्हणू. केवळ करमणूक म्हणून ते बाजूस सारणे आपल्या अभ्यासास परवडणारे नाही. मराठ्यांचे राज्य, गोंडवन, विजयनगर, बहामनी ही नावे जगातील असंख्य तरुणांनी प्रथम वाचली ती पाठ्यपुस्तकात नव्हे, या पटावर.

भाषाभ्यासकास या खेळांचे आकर्षण आणखी एका कारणाने वाटावे. त्यांतील इतिहास बहुतांशी साध्या वाचनीय धारिकांत लिहिलेला असतो. ‘युरोपा’च्या तिसऱ्या व चौथ्या पिढीत प्रत्येक प्रांताची एकेक धारिका आहे; तीत सनावळीने ‘ओनर’ म्हणजे धनी, ‘कंट्रोलर’ म्हणजे प्रत्यक्ष ताबा असणारा, आणि ‘कोअर’ म्हणजे ज्याचा त्या भूमीवर मूळचा हक्क मानला जातो तो, अशा नोंदी केलेल्या असतात. ही एक प्रकारची शकावलीच होय. परंतु तिच्या तीन रकान्यांत मराठी राज्यव्यवहार मावत नाही. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहूस मिळाली, तेव्हा त्या मुलखाचा ‘धनी’ बदलला काय? खुद्द चौथाईचेही तुकडे होत : बाबती शेकडा 25 राजाची, मोकासा 66 सरदारांचा, सहोत्रा 6 सचिवाचा, नाडगौंडा 3 राजाच्या मर्जीचा. एकाच गावच्या वसुलावर इतक्यांचा हक्क! 1751 च्या तहाने अलिवर्दीखानाने रघूजीस ओरिसाचा वसूल आणि बंगालची वार्षिक बारा लक्ष चौथ मान्य केली. बंगाल मात्र नबाबाचाच राहिला. ज्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालीत ‘बारगीर’चे ‘बर्गी’ झाले, ते बारगीर त्या धारिकेत कोणत्या रकान्यात लिहावेत? सीमाबद्ध, एकधनी राज्याची कल्पना युरोपच्या इतिहासातून घेतलेली आहे आणि ती या पटाच्या रचनेतच बसलेली आहे.

संस्कृतीच्या नोंदीचेही तसेच. ‘युरोपा’च्या या पिढ्यांत प्रांतास संस्कृती एकच. वैनगंगेच्या या खोऱ्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व हलबी एकमेकींच्या शेजारी नांदतात. 1956 मध्ये बपेऱ्याजवळून गेलेली राज्यांची सीमा त्या बोलींस ठाऊकही नाही. उलट त्याच संस्थेच्या 2003 सालच्या ‘व्हिक्टोरिया’त प्रांतातील लोकसंख्या व्यवसायानुसार व संस्कृतीनुसार विभागलेली दाखविली आहे. तो खेळ 1836 पासून सुरू होतो, म्हणजे जनगणनेच्या शतकाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मर्म कळते. लोक मोजले जाऊ लागले तेव्हा ते रकान्यांत आले.

अशा ग्रंथांचे पाठभेद असतात. ‘युरोपा’च्या चौथ्या पिढीत 2018 साली ‘धर्म’ नावाच्या विस्ताराबरोबर हिंदुस्थानचा नकाशा मोठ्या प्रमाणावर नव्याने आखण्यात आला. तत्पूर्वीचा नकाशा व नंतरचा नकाशा ही एका ग्रंथाची दोन संस्करणे होत. गढा-मंडला, खेर्ला, देवगड, चांदा ही गोंड राज्ये इतिहासकार वेगवेगळी मोजतात. तेव्हा पाश्चात्त्य रचनाकारांची गोंडवनाविषयीची समज या दोन संस्करणांत कशी पालटली, हा एखाद्या प्रबंधिकेचा विषय व्हावा. परंतु तिच्या लेखकास जुने संस्करण मिळावयास हवे, आणि खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

आज बहुसंख्य खेळ ‘स्टीम’ या 2003 साली सुरू झालेल्या अमेरिकी विक्री-व्यवस्थेमार्फत विकले जातात. खेळ ग्राहकाच्या यंत्रावर येतो खरा, परंतु पुष्कळदा त्यास अंकीय कुलूप असते आणि किल्ली विक्रेत्याकडे राहते. शिवाय नवा पाठ आपोआप जुन्यावर चढतो. पॅरॅडॉक्सने आपल्या काही खेळांच्या जुन्या आवृत्त्या निवडण्याची सोय ठेवली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; तथापि ती सोय आहे, हक्क नव्हे. 2024 च्या मार्चअखेर ‘द क्रू’ या मोटार-शर्यतीच्या खेळाची मध्यवर्ती यंत्रे प्रकाशकाने बंद केली, तेव्हा पैसे मोजून घेतलेला तो खेळ ग्राहकांच्या हाती निरुपयोगी होऊन पडला.

याच्या उलट वाट पोलंडमध्ये निघाली. सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 2008 साली ‘गुड ओल्ड गेम्स’, आता ‘गॉग’, हे अंकीय दुकान काढले. जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालतील असे दुरुस्त करावयाचे आणि कुलूप न घालता विकावयाचे, ही त्याची प्रतिज्ञा. ‘युरोपा’ची दुसरी व तिसरी पिढी, ‘क्रुसेडर किंग्ज’चा पहिला अवतार, आणि दुसऱ्या ‘युरोपा’च्याच पायावर तिच्या भक्तांनी रचून 2009 साली प्रसिद्ध केलेला ‘फॉर द ग्लोरी’ हे महाव्यूह-खेळ या दुकानात आले. घेणाऱ्याने धारिका उतरवून आपल्यापाशी ठेवली, की दुकान उद्या मिटले तरी प्रत राहते. 2024 मध्ये या दुकानाने जुन्या खेळांच्या जतनाचा स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला. अर्थात तेथेही मिळते ती बहुधा अखेरची दुरुस्त आवृत्ती. मूळ पाठ हवा असेल त्याने जुनी तबकडी शोधावी.

कुलूप आणि ग्रंथ यांचा संबंध मराठीस नवा नाही. भंडाऱ्याच्या नीळभटाचे नाव ज्या लीळाचरित्रात येते, त्या महानुभाव वाङ्मयास पंथीयांनी सकळ लिपीचे कुलूप घातले. परक्याच्या हातून पाठ बिघडू नये, ही त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परिणाम असा झाला की मराठीचे हे आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेरील वाचकास अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या खटपटीने ती लिपी उकलली, तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने मांडावा लागला. परंतु येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. लिपीची उकल उपयोगी पडली, कारण उकलण्याजोग्या पोथ्या शिल्लक होत्या. त्या मठोमठी, एकमेकींपासून स्वतंत्र, पाठभेदांसह टिकल्या होत्या. किल्ली हरवली तरी पेट्या अनेक होत्या. आजच्या अंकीय कुलपात पेटी आणि किल्ली दोन्ही पुष्कळदा एकाच घरी असतात. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते गॉगसारख्या दुकानाचे महत्त्व केवळ कुलूप काढण्यात नाही, प्रती पांगविण्यात आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशा प्रती ठेवाव्यात काय, हे विचारणे ओघानेच येते. विक्रीच्या अटी व्यक्तिगत वापरापुरत्या असतात. संस्थेने प्रत घेऊन विद्यार्थ्यांस वापरावयास द्यावी, अशी त्यांची योजना नाही. 1954 च्या ग्रंथ-प्रदान अधिनियमाने राष्ट्रीय ग्रंथालयास छापील ग्रंथ मिळतात, खेळ नव्हेत. लेखाधिकार अधिनियमात 2012 साली कुलूप फोडण्याविरुद्ध 65 अ हे कलम आले. त्याच दुरुस्तीने 52 व्या कलमात सार्वजनिक ग्रंथालयांस जतनासाठी अंकीय साठवण करण्याची मुभाही दिली, मात्र ग्रंथालयापाशी त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत अगोदर असली पाहिजे. जी कृती जन्मापासूनच अंकीय आहे, तिची अशी प्रत कोठून आणावयाची, याचा उलगडा त्या कलमात नाही.