मानमोडी आणि रक्ताचा दोष

साथ सगळ्या गावाला एकच येते; मरण मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. तिचे मुंबईतले आकडे पाहा. युरोपियनांत हजारी 8 च्या आसपास माणसे दगावली. आणि त्या वेळच्या दप्तरात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात हजारी 61 हून अधिक. असं का व्हावं? ‘ज्याच्या त्याच्या रक्तात असतं’ हे उत्तर चटकन सुचते. ते जरा तपासून पाहू या.

रक्ताचे म्हणणे अगदीच खोटे नाही. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतात आणि त्या इशाऱ्याने शेजारच्या पेशी सावध होतात. ही सगळी तजवीज जनुकांत लिहिलेली असते, आणि जनुके आईबापांकडून येतात. ‘आयएफआयटीएम-3’ या जनुकापासून होणारे प्रथिन विषाणूला पेशीत शिरताना अडवते. 2009 च्या साथीत ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांत या जनुकाचा एक विरळा प्रकार अपेक्षेपेक्षा अधिक आढळला, असे 2012 साली प्रसिद्ध झाले. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत मात्र हा संबंध तितका ठळक दिसला नाही. 2015 साली फ्रान्समधल्या एका लहान मुलीची हकीकत पुढे आली. अडीच वर्षांची असताना ती इन्फ्लुएन्झाने मरणाच्या दारी पोचली होती. ‘आयआरएफ-7’ या जनुकाची आईकडून आलेली प्रत सदोष आणि बापाकडून आलेलीही सदोष. त्यामुळे इंटरफेरॉनचा इशाराच नीट होईना. आईबाप मात्र धडधाकट, कारण दोघांजवळही एकेक चांगली प्रत होती.

तेव्हा एकाच घरातल्या दोघांत फरक का पडतो, हे जनुके कधीकधी सांगतात. पण अख्ख्या समाजाचे काय? त्यासाठी पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांकडे चला.

7 नोव्हेंबर 1918 रोजी ऑकलंडहून निघालेली ‘टालून’ नावाची आगबोट पश्चिम सामोआतल्या आपिया बंदराला लागली. बोटीवर आजारी माणसे होती. तिथला कारभार न्यूझीलंडच्या लष्कराकडे होता. त्याने उतारूंना अटकाव केला नाही. सुमारे 38,000 वस्तीतली 8,500 च्या आसपास माणसे बघता बघता गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी बोटींवर कडक क्वारंटीन बसवले. तिथे या साथीने एकही माणूस मेला नाही. भाषा तीच, गणगोत तेच आणि रक्तही तेच!

जनुकांची परीक्षा होते ती विषाणू आत आल्यावर. त्याला आत कोण येऊ देतो, एका खोलीत किती जण निजतात, तापात तोंडात पाणी घालायला कोण उरतो, हे जनुके ठरवीत नाहीत. 2002 साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलेन क्लार्क यांनी त्या राजवटीतल्या चुकांबद्दल सामोआची माफी मागितली. त्यांत ही साथही होती. दोष रक्ताचाच असता, तर माफी कशाची मागायची?

आता मुंबईचा तो 61 चा आकडा पुन्हा पाहा. इतर हिंदूंत तोच आकडा हजारी 19 च्या आसपास होता. शहर एक, साथ एक. खोली, भाकरी आणि औषधपाणी मात्र वेगळे. पुढच्या साथीत कुणी तुम्हांला म्हणाले, ‘त्यांचं रक्तच तसं,’ तर आधी त्यांची खोली पाहून या.