एअर इंडिया इमारत (मुंबई)

एअर इंडिया इमारत ही दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंट येथे अरबी समुद्राच्या काठी उभी असलेली २३ मजली कार्यालयीन इमारत आहे. १९७४ मध्ये ती पूर्ण झाली. २०१३ पर्यंत एअर इंडिया या सरकारी विमान कंपनीचे मुख्यालय येथेच होते.

स्थान आणि रचना

मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटची जमीन तयार करण्यात आली. तिला खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव आहे. बॅकबे भराव योजनेतील गैरव्यवहार नरिमन यांनी १९२० च्या दशकात चव्हाट्यावर आणला होता आणि त्यावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले होते. भरावाच्या कारभारावर आसूड ओढणाऱ्याचे नाव भरावाच्याच जमिनीला मिळावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

हा भूखंड राज्य शासनाने एअर इंडियाला भाडेपट्ट्याने दिला. इमारतीचा आराखडा न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जॉन बर्गी यांनी केला. तिचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४६,४७० चौरस मीटर आहे. माथ्यावरील सेंटॉर, म्हणजे कमरेच्या वर मनुष्य आणि खाली अश्व असलेला ग्रीक पुराणातील धनुर्धारी, हे कंपनीचे तेव्हाचे बोधचिन्ह होते. मरीन ड्राइव्हवरून येणाऱ्याला इमारतीची ओळख पटे ती या चिन्हामुळे.

१९९३ चा बॉम्बस्फोट

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांपैकी एक या इमारतीत झाला. स्फोटके मोटारगाडीत ठेवलेली होती. येथे २० जणांचा मृत्यू झाला. संपूर्ण शहरातील मृतांची संख्या २५७ होती. कामाच्या वेळी, दुपारी, कार्यालये आणि रस्ते गजबजलेले असताना हे स्फोट घडवण्यात आले. इमारत त्यानंतरही वापरात राहिली.

मालकीतील बदल

मुख्यालय दिल्लीला गेल्यावर मजले भाड्याने देण्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी टाटा समूहाकडे परत गेली. मात्र ही इमारत त्या व्यवहारातून वगळण्यात आली होती. ती एआय ॲसेट्स होल्डिंग या केंद्र सरकारच्या कंपनीकडे राहिली.

मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली आणि अनेक विभागांची कार्यालये अन्यत्र हलवावी लागली. जागेची ही चणचण पुढेही जाणवत राहिल्याने मंत्रालयापासून जवळ असलेली ही इमारत घेण्यात राज्य शासनाला स्वाभाविकपणे स्वारस्य होते. राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १,६०१ कोटी रुपयांच्या खरेदीला मान्यता दिली आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने संमती दिली. अनर्जित उत्पन्न व त्यावरील व्याजापोटी कंपनीकडून येणे असलेले सुमारे २९८ कोटी रुपये राज्याने माफ केले. भाडेपट्ट्याने दिलेल्या आपल्याच जमिनीवरील इमारत राज्याने अशा रीतीने विकत घेतली.