शोभेचा कोई मासा आणि कृष्णेचा पूर

कोई हा कार्प माशाचा रंगीत वाण. जपानमधील निगाता भागातील शेतकऱ्यांनी १९व्या शतकात निवडक पैदाशीतून तो विकसित केला. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि जपानभर पोहोचला.

हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो व कित्येक दशके जगू शकतो. त्यामुळे काचपेटी त्याला अपुरी पडते. तीन-चार फूट खोल तळे व पाणी गाळणारी यंत्रणा आवश्यक ठरते. विष्ठेतून निर्माण होणारा विषारी अमोनिया गाळणीतील जिवाणू टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये बदलतात. नळाचे पाणी क्लोरीन निघून गेल्यावरच तळ्यात सोडावे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठी मात्र आणखी एक दक्षता हवी. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली शहरात पाणी शिरले होते. अशा वेळी बागेतील तळ्यातून मासे नदीत जाऊ शकतात. तळ उकरून अन्न शोधण्याच्या कार्पच्या सवयीने पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उखडतात आणि स्थानिक माशांचा आसरा नष्ट होतो.

म्हणून तळे पूररेषेबाहेर असावे, त्याचा काठ उंच ठेवावा व पावसाळ्यात त्यावर जाळी बसवावी. नकोसा झालेला मासा नदीत वा विहिरीत न सोडता दुसऱ्या हौशी पालकाकडे सोपवावा.