सरहद्दीचा ग्रंथ, संगमावरची आग

कुणाला नाण्यांचा नाद असतो, कुणाला तिकिटांचा. मला सरहद्दींच्या इतिहासावरील जुन्या सचित्र ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्यांचा आहे. शाळामास्तराच्या खिशाला हा छंद शोभत नाही, असे घरचे म्हणतात. "तोच मजकूर नव्या छपाईत स्वस्त मिळतो की!" या त्यांच्या बोलण्याला मी एकाच ग्रंथाने उत्तर देतो.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे जुन्या पुणेकरांचा 'अलपिष्टन', हा आधी नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. फ्रेंच इराणमार्गे हिंदुस्थानावर चालून येतील, या धास्तीने कंपनी सरकारने १८०८ साली त्याला काबूलच्या शहा शुजाकडे वकील म्हणून धाडले. बिकानेरचे वाळवंट ओलांडून १८०९ च्या फेब्रुवारीत तो पेशावरला पोचला. शहा तेथेच भेटला. साहेबाला काबूल काही दिसले नाही! तरी भेटेल त्याला विचारून त्याने अफगाण टोळ्यांची माहिती जमविली. पुढे पुण्याच्या रेसिडेन्सीत असताना तिचा ग्रंथ सिद्ध झाला आणि १८१५ मध्ये लंडनला छापून निघाला.

त्यातली दुराणी, हजारा अशा लोकांची चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापून मग कुंचल्याने हाताने रंगविलेली आहेत. त्यामुळे एका प्रतीतला अंगरखा दुसरीत अगदी त्याच रंगाचा सापडेलच असे नाही.

ग्रंथ निघून दोनच वर्षे झाली आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली. पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली. साहेबाची पुस्तके आणि कागदपत्रे राख झाली. हा ग्रंथ आधीच छापून घरोघर गेला होता, म्हणून वाचला.

१८३९ मध्ये इंग्रजांनी, राज्य गमावलेल्या याच शहा शुजाला फौजेच्या बळावर पुन्हा काबूलच्या गादीवर बसविले. १८४२ मध्ये माघार घेताना त्या फौजेची धूळधाण झाली, शहाही मारला गेला. त्या फौजेचा सेनापती आपल्या ग्रंथकाराचाच चुलतभाऊ होता! पुढच्या कितीतरी इंग्रजी लेखनात अफगाण दिसतो तो वैरी म्हणून. १८१५ च्या पानांवर मात्र तो अजून यजमान आहे. पुढचे काही ठाऊक नसलेली ती पाने हाती धरण्यासाठीच मी पहिली आवृत्ती शोधतो.

माझ्या प्रतीतली काही चित्रे कुणीतरी पात्याने कापून नेली आहेत. शिवणीपाशी कागदाच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या. म्हणूनच तर ती मला परवडली. अशी सुटी चित्रे चौकटीत बसवून विकली जातात. एक मलाही दाखविण्यात आले. माझ्याकडे नेमके तेच नव्हते. मी घेतले नाही. माझे भगदाड बुजले असते खरे, पण ते दुसऱ्या एका प्रतीला भगदाड पाडून. आणि घेणारा आहे असे दिसले की पाते पुन्हा चालते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादे जुने सचित्र पुस्तक निघाले, तर ते रद्दीत घालू नका. आणि चित्र फारच आवडले, तर भिंतीवर लावण्याऐवजी मुलांना जवळ बसवून पुस्तकातच दाखवा.