नवख्या हातासाठी रिव्हॉल्व्हर

ऑक्टोबर १८९६. मुंबईच्या ससून डॉकच्या भिंतीला टेकलेली एक होडी लाटांवर चार-पाच फूट वरखाली होत होती. तीतून उतरणाऱ्या एकवीस वर्षांच्या घोडदळ अधिकाऱ्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, आणि नेमकी त्याच क्षणी होडी खाली गेली. उजव्या खांद्याला असा हिसका बसला की ती दुखापत त्याला जन्मभर पुरली. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सुदानमधील ओमदुर्मान येथे २१व्या लान्सर्स पलटणीने चाल केली, तेव्हा याने तलवार म्यानात घातली आणि दहा गोळ्यांचे जर्मन माउझर पिस्तूल हाती घेतले. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल.

शस्त्रांच्या गप्पांत बहुधा पहिला प्रश्न येतो तो ‘सर्वांत ताकदवान कोणते?’ हा. चर्चिलच्या खांद्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता : या हाताला काय पेलेल? पुढे हाच प्रश्न एका अख्ख्या सैन्याला पडला, तोही ज्यांनी कधी पिस्तूल हाती धरले नव्हते अशा हजारो नवख्यांच्या बाबतीत. आजचा धागा त्या निवडीविषयी.

ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. पुढे त्याची रूपे बदलत गेली. पहिल्या महायुद्धातले प्रसिद्ध ‘मार्क सहा’ १९१५ चे. सहा इंचांची नळी, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचे वजन जवळपास १.१ किलो आणि .४५५ व्यासाचे काडतूस, ज्याची शिशाची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅमची. अनुभवी माणसाच्या हाती हे उत्तम शस्त्र होते. अडचण त्या ‘अनुभवी’ या शब्दात होती.

रायफल खांद्याला टेकते, दोन्ही हातांत स्थिरावते आणि तिच्या दोन नेमांमधले अंतर मोठे असते. रिव्हॉल्व्हर मात्र हाताच्या टोकाशी तोललेले असते, आणि त्या काळी ते एकाच हाताने चालवायला शिकवीत. मनगट किंचित कलले तरी वीस पावलांवर गोळी भलतीकडेच जाते. शिवाय नवखा माणूस बार होण्याआधीच त्याच्या धक्क्याला भितो. चाप ओढता ओढता मूठ आवळतो, डोळे मिटतो आणि गोळी लक्ष्याच्या खाली जमिनीत घालतो. या बिचकण्यावर औषध एकच, भरपूर सराव. काडतूस जितके दांडगे, तितका तो सराव लांबतो. (म्हणूनच आजही शिकाऊ नेमबाजाला .२२ सारखे सौम्य काडतूस देतात. आणि .२२ म्हणजे केवळ पोरखेळ नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, ते .२२ नेच.)

१९१४ ते १९१८ च्या युद्धात सैन्य अनेक पटींनी फुगले. काल-परवापर्यंत कचेरीत किंवा शाळेत असलेले तरुण अधिकारी झाले. मशीनगनवाले, रणगाड्यातले सैनिक यांच्याही कमरेला रिव्हॉल्व्हर आले. त्यांना महिनोन्‌महिने सराव देण्याइतका वेळ कोणापाशी नव्हता, आणि त्या वजनदार .४५५ ने त्यांचा नेम लागेना.

येथे अटलांटिकपलीकडे नजर टाकायला हवी, कारण अमेरिकेने याच सुमारास अगदी उलट उत्तर काढले होते. फिलिपाइन्समधील लढायांत तिच्या सैनिकांची .३८ रिव्हॉल्व्हरे अंगावर चालून येणाऱ्या मोरो योद्ध्यांना थोपवू शकत नाहीत, अशी तक्रार होती. १९०४ मध्ये जॉन थॉम्पसन आणि लष्करी शल्यवैद्य लुई ला गार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मानवी शवांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. आज तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो आणि त्याची शास्त्रीय पद्धतही फारशी भक्कम वाटत नाही. निष्कर्ष असा की सैनिकाच्या पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षा कमी नसावा. त्यातूनच पुढे १९११ चे विख्यात कोल्ट पिस्तूल आले.

त्या अहवालातला .४५ सर्वांना पाठ असतो. मात्र त्याच लेखकांनी आणखी एक गोष्ट बजावली होती : माणसाला जागच्या जागी थांबवू शकतील अशा जागा शरीरात फार थोड्या आहेत, म्हणून पिस्तूलधारी सैनिकाकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा. मोठ्या गोळीचा पुरस्कार करणारेच सांगत होते की मोठी गोळी नेमाची जागा घेऊ शकत नाही. हे वाक्य विसरले गेले, आणि व्यासावरचे वाद मात्र शंभर वर्षे पुरले.

ब्रिटिशांनी दुसरे टोक धरले. गोळी लहान चालेल, पण नवख्याला थोड्या शिक्षणात नेम साधता आला पाहिजे, असे सूत्र १९२० च्या दशकात ठरले. .३८ चे जुने, सौम्य अमेरिकी काडतूस निवडले आणि त्यात २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, त्या आकाराला जड अशी शिशाची गोळी बसवली. धक्का कमी, पण संथ चालीची जड गोळी लागल्यावर परिणाम बऱ्यापैकी करील, अशी अपेक्षा. वेब्ली कंपनीने त्यासाठी रिव्हॉल्व्हर आखून दिले. सरकारने ते आराखडे एनफिल्डच्या सरकारी कारखान्याकडे नेले, तिथल्या कॅप्टन बॉइज यांनी त्यात फेरफार केले आणि १९३२ मध्ये ‘एनफिल्ड क्रमांक २’ सैन्यात दाखल झाले. वजन पाऊण किलोच्या थोडे वर, नळी पाच इंचांची. वेब्लीने खर्चापोटी २,२५० पौंड मागितले. सरकारने हात वर केले. अखेर संशोधकांना मोबदला देणाऱ्या रॉयल कमिशनने १,२५० पौंडांवर मिटवले.

लहान गोळी पुरेशी होती का? यावर तेव्हाही एकमत नव्हते. त्यातच उघड्या शिशाची गोळी शरीरात पसरते आणि म्हणून १८९९ च्या हेग जाहीरनाम्याच्या विरोधात ठरू शकते, ही शंका आली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिच्या जागी धातूचे कवच असलेली १७८ ग्रेनची गोळी आणली गेली. म्हणजे ज्या जड गोळीच्या भरवशावर लहान व्यास पत्करला होता, तिचेही वजन घटले.

तरीही माझ्या मते १९३२ चा निर्णय शहाणपणाचा होता. त्याची माती झाली ती १९३८ मध्ये, आणि तीही गोळीमुळे नव्हे. रिव्हॉल्व्हरचा बार दोन प्रकारे काढता येतो. एक, आधी अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवायचा आणि मग चाप हलकेच दाबायचा. यात हात फारसा हलत नाही, नवख्याचाही नेम बरा बसतो. दुसरा, केवळ चाप जोराने पूर्ण ओढायचा. घोडा आपोआप मागे जाऊन पडतो, पण त्या ओढीत नळी डगमगते. रणगाड्यातल्या सैनिकांची तक्रार होती की आत-बाहेर करताना घोड्याचे टोक कशाततरी अडकते. म्हणून नव्या ‘मार्क एक-तारांकित’ नमुन्यात ते टोकच काढून टाकले. चापाची स्प्रिंग थोडी हलकी केली खरी, पण अंगठ्याने घोडा ओढण्याची सोय संपली. नवख्यासाठी निवडलेल्या शस्त्रातून नवख्याला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्टच गेली, आणि ती केवळ रणगाड्यांपुरती नव्हे. त्यानंतर बनलेली बहुतेक एनफिल्डे याच घडणीची निघाली आणि अनेक जुनीही तशीच बदलून घेतली गेली. युद्धात ती पुरली नाहीत, तेव्हा नाकारलेल्या वेब्लीकडूनच तिचे ‘मार्क चार’ विकत घ्यावे लागले. स्मिथ अँड वेसननेही याच काडतुसाची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे पुरवली.

याच काळात शांघायच्या नगरपालिका पोलिसांत विल्यम फेअरबर्न हा अधिकारी प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहत होता. त्याच्या दलाने सर्वांना एकच शस्त्र दिले नाही. लहान हातांच्या चिनी शिपायांना .३८० चे आटोपशीर कोल्ट पिस्तूल दिले, थोराड हातांना .४५. सुरक्षा-खटका घाईत विसरला जातो, म्हणून तो खिळवून निकामीच केला. त्याऐवजी नळीत काडतूस न ठेवता पिस्तूल बाळगायचे आणि उपसताना भरायचे, ही एकच क्रिया घोटून घेतली. सरावही खऱ्या चकमकीसारखा : जवळून, घाईत, अपुऱ्या उजेडात.

आता आपल्याकडे. ब्रिटिशांचे .३८ भारतात पोलिसांच्या कमरेला राहिले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानंतरच्या व्यवस्थेत सैन्य-पोलिसांची काडतुसे सामान्य नागरिकासाठी ‘निषिद्ध बोअर’ ठरली, त्यामुळे साध्या परवान्यावर .३८ मिळत नाही. मिळते ते त्याहून सौम्य.३२. सरकारी आयुध निर्माणीने त्यासाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरची घडण उचलली कोठून? त्याच वेब्ली मार्क चारवरून. नवख्या ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी आखलेले रिव्हॉल्व्हर अशा रीतीने भारतीय परवानाधारकांपैकी अनेकांचे पहिले शस्त्र झाले.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणले. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर ‘निर्भया’ हे नाव देशभर झाले होते. त्याचीच छाया या नावात होती. पर्समध्ये मावेल असे, टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर. किंमत १,२२,३६० रुपये. टीका झाली ती नावावर, किमतीवर आणि स्त्रियांच्या सुरक्षेचा भार त्यांच्याच पर्समध्ये टाकण्यावर. तीत तथ्य होते. मला खटकते ते आणखी एक : जाहिरात हलकेपणाची होती. पण त्याच काडतुसाला शस्त्र हलके केले की धक्का वाढतो आणि नळी आखूड असली की नेम अवघड होतो. .३२ सौम्य असल्यामुळेच हे निभावते. तरी सराव न केलेल्या हातात, अंधारात, तीन पावलांवर हल्लेखोर असताना? शांघायच्या पोलिसांनी एवढ्यासाठीच वर्षे घालवली होती.

नव्या परवान्यासाठी शस्त्र हाताळणीचे प्राथमिक प्रशिक्षण आवश्यक करणारे शस्त्र नियम आले ते २०१६ मध्ये, म्हणजे ‘निर्भीक’ बाजारात येऊन दोन वर्षांनी.