इंदूरचे अरण्य आणि आमच्या अम्मीचा ओटा

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधायला काढले तेव्हा इंजिनिअरने एक तयार नकाशा हातात ठेवला. हॉल, किचन, दोन बेडरूम, मागे संडास-बाथरूम. याच नकाशावर कॉलनीत बरीच घरे उभी राहिली आहेत, पास व्हायला काही अडचण नाही, असे तो म्हणाला. मला बरेच वाटले. मास्तर माणसाला कार्यालयाच्या खेपा परवडत नाहीत. घरी येऊन मी कागद पसरला आणि बोट ठेवून अम्मीला एकेक खोली दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सब बरोबर है, लेकिन बैठना कां?"

मी हॉल दाखवला. "वो मेहमानों का. मैं कां बैठूं?"

तिला ओटा हवा होता. जुन्या मोहल्ल्यातल्या घराला होता. तांदूळ निवडणे, गोधडीला टाके घालणे, शेजारच्या पोरींना कायदा-सिपारा शिकवणे, सगळे त्या ओट्यावर. नकाशात रस्ता संपला की भिंत सुरू होत होती. मध्ये काहीच नव्हते.

पुढे इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीविषयी वाचताना अम्मीचा हा प्रश्न मला पुन्हा भेटला.

इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांची राजधानी, मराठी तिथे आजही घराघरांत ऐकू येते. कापड गिरण्यांचे शहर म्हणून ते वाढले आणि कामासाठी आलेल्या माणसांनी मिळेल त्या जागेवर झोपड्या बांधल्या. अशा लोकांसाठी सरकारने पूर्ण घरे बांधायची तर पैसा पुरत नाही, हे १९७०च्या सुमारास जगभर ध्यानात आले होते. त्यातून एक वेगळा विचार पुढे आला: भूखंड द्या, पाणी, गटार, वीज द्या, घर माणूस स्वतः बांधेल. जागतिक बँकेने १९७२ साली सेनेगलमध्ये अशा योजनेला कर्ज दिले आणि मग ही पद्धत देशोदेशी गेली. तिचा धोकाही लगेच दिसला. कागदावर चौकटी आखायच्या, नंबर घालायचे आणि मोकळे व्हायचे. वसाहत कमी, कवायतीचे मैदान जास्त.

इंदूर विकास प्राधिकरणाने अरण्यचे काम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे दिले. दोशींचा जन्म पुण्यातला, १९२७चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केले आणि अहमदाबादेत स्थायिक झाले. त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाबरोबर आधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांचाच अभ्यास केला. 'हाऊ द अदर हाफ बिल्ड्स' या नावाने तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. माणसे दारापुढे काय करतात, दुकान कुठे मांडतात, झाडाखाली कोण बसते, गल्ली कुठे रुंद होते आणि का, हे त्यात टिपले आहे. ज्या वस्त्यांना आपण 'अस्ताव्यस्त' म्हणून एका शब्दात निकालात काढतो, त्यांच्याकडे वास्तुरचनाकार शिकायला गेले होते. आमच्या मोहल्ल्यांबद्दल हाच शब्द इतक्यांदा ऐकला आहे की ही नोंद वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

अरण्यची आखणी सुमारे ८५ हेक्टरवर, साठ हजार माणसांसाठी झाली. जवळजवळ ६,५०० भूखंड, त्यातला सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. वसाहतीचे सहा विभाग केले. प्रत्येक विभागात सर्वांत गरीब कुटुंबे मधोमध आणि बऱ्या उत्पन्नाची कडेला. आपल्याकडे गरिबाची जागा नेहमी नाल्याकाठी निघते, इथे ती मध्यभागी निघाली. गरीब कुटुंबाला भूखंडाबरोबर जोते, न्हाणी-संडासाचा भाग आणि एक खोली मिळत होती. सुरुवातीची रक्कम उत्पन्न पाहून ठरायची, उरलेली मासिक हप्त्यांनी फेडायची.

आणि नकाशे? दोशींनी ८० नमुना घरे बांधून दाखवली. एका खोलीच्या निवाऱ्यापासून चांगल्या ऐसपैस घरापर्यंत. लोकांनी ती बघावी, त्यातले आपल्याला झेपेल ते उचलावे. वीट, दगड, काँक्रीट जवळच मिळत होते, पण काय वापरायचे ते घरमालकाने ठरवायचे. शिवाय घर आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या मीटरची पट्टी मोकळी सोडली होती. पायऱ्या, बाल्कनी, ओटा, ज्याला जे हवे त्याने ते तिथे करावे. अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर एका सरकारी योजनेच्या आराखड्यात असे लिहून ठेवलेले होते.

याच सुमारास आपल्याकडे बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज उभे केले. घराघरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे खोली वाढवताना शेजाऱ्याची परवानगी नको. आराखडे साध्या गवंड्याला बांधता येतील असे.

१९९५ साली अरण्यला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मशिदी-मकबऱ्यांसाठीच असतो असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. मुस्लिम समाज जिथे लक्षणीय संख्येने राहतो तिथल्या बांधकामांचा तो विचार करतो, आणि त्यात झोपडीतून निघालेल्या माणसाचे घरही येते. इंडोनेशियातल्या सोलोच्या राजवाड्यात त्या वर्षीचा समारंभ झाला. तिथे इंदूरच्या एका खोलीच्या घरांचे नाव घेतले गेले, याचे मला अजून अप्रूप वाटते.

पुढची गोष्ट तितकी गोड नाही. जागेचे भाव चढले, अनेक गरीब कुटुंबांनी भूखंड विकले आणि पैसेवाले आत आले. नमुना घरांमध्ये बरेच फेरबदल झाले, काही ओळखूही येत नाहीत. बेलापूरलाही कित्येक मूळ घरे पाडून बंगले उभे राहिले. लोकांनी बदल केले याचे मला वाईट वाटत नाही, त्यासाठीच तर जागा ठेवली होती. ज्यांच्यासाठी मधली जागा राखली तेच तिथून उठून गेले, हे मात्र खुपते. नकाशा ओटा देऊ शकतो. अडीनडीला तोच ओटा विकावा लागू नये, याची तजवीज कोणत्याच वास्तुरचनाकाराच्या हातात नसते.

आमच्या घराचे म्हणाल तर मी इंजिनिअरकडे परत गेलो. नकाशा बदलला तर पुन्हा फी, पुन्हा खेपा, असे त्याने सांगितले. शेवटी कागद तसाच ठेवला आणि गवंड्याला गाठून हॉलची पुढची भिंत दोन फूट आत घ्यायला लावली. हॉल इतका अरुंद झाला की सोफा आडवा मावत नाही. बाहेर शहाबादी फरशीचा ओटा झाला. पास झालेल्या नकाशात तो अजूनही नाही. अम्मी तिथे सात वर्षे बसली. आता संध्याकाळी शेजारची मुले दप्तरे टाकून तिथेच गृहपाठ करतात आणि उर्दूचे काही अडले की खिडकीतून मला हाका मारतात.